मच्छरदाणीचा प्रश्न अज्ञानाचा नाही

हिवतापाच्या कुठल्याही आढावा बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मच्छरदाण्या घरोघरी पोचवल्या, पण लोक वापरत नाहीत.’ त्याच्या पाठोपाठ दुसरे येते : ‘जनजागृती वाढवायला हवी.’ मग नवी भित्तिपत्रके छापली जातात, शाळेच्या पोरांची प्रभातफेरी निघते, 25 एप्रिलचा जागतिक हिवताप दिन आणि जूनमधला हिवताप प्रतिरोध महिना पार पडतो. पुढच्या बैठकीत पुन्हा पहिलेच वाक्य. लोकांना माहीत नाही म्हणून ते वापरत नाहीत, माहिती दिली की वापरतील, असे या दोन वाक्यांनी गृहीत धरलेले असते. हे गृहीतक चुकीचे आहे आणि त्याची किंमत गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातली मुले मोजतात. मच्छरदाणी लावायची की नाही, हे डोक्यातल्या माहितीपेक्षा घरातल्या झोपण्याच्या व्यवस्थेवर जास्त ठरते. म्हणून आरोग्य संदेशाचे काम माणसाला उपदेश करण्याचे नाही. ती व्यवस्था लावायला कुटुंबाला मदत करण्याचे आहे.

मच्छरदाणीच्या उपयोगाबद्दल कुणाला शंका असेल, तर ती आधी दूर करू. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी दिसला आणि हा आजार डासामार्फत पसरतो याचा पुरावा हाती आला. हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे नेमका माणूस झोपलेला असताना. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी इथे दुहेरी काम करते. डासाला अडवते आणि जाळीवर बसलेल्या डासाला मारते. त्यामुळे गावातल्या बहुतेक घरांत त्या लागल्या, तर शेजारच्या बिनमच्छरदाणीच्या घरालाही संरक्षण मिळते; केनियाच्या पश्चिम भागातल्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसले. आफ्रिकेत 2000 ते 2015 या काळात हिवतापाचे सुमारे 66 कोटी रुग्ण टळले आणि त्यातले 68 टक्के श्रेय अशा मच्छरदाण्यांचे, असा अंदाज 2015 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. कापडाच्या एका जाळीने एवढे काम केल्याचे उदाहरण सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

मात्र ही जाळी रोज रात्री कुणीतरी बांधावी लागते. इथेच जुन्या आणि नव्या हिवताप कार्यक्रमांत मूलभूत फरक पडतो. भारतात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम 1953 साली सुरू झाला, 1958 साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज आहे. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास आली. त्या यशाचा कणा होता डीडीटीची फवारणी. फवारणीत कुटुंबाचे काम एवढेच : दार उघडायचे, भांडी-धान्य बाहेर काढायचे आणि नंतर भिंती सारवायच्या नाहीत. बाकीचे सगळे सरकारचा माणूस पाठीवर पंप घेऊन येऊन करत असे. 1976 साली रुग्णसंख्या पुन्हा 64 लाखांवर गेली. डासांनी डीडीटीला दाद देणे सोडले होते, यंत्रणा सैल पडली होती. पुढे फवारणीच्या जोडीला मच्छरदाणी आली आणि 2009 पासून दीर्घकाळ टिकणाऱ्या कीटकनाशकाच्या मच्छरदाण्या सरकारी कार्यक्रमातून वाटल्या जाऊ लागल्या. यात वर्षातून एकदोनदा सरकारने करायचे काम कुटुंबाने रोज रात्री करायचे काम झाले. जबाबदारी एवढी मोठी हलली, पण संदेशाचा सूर फवारणीच्या काळातलाच राहिला : आम्ही सांगतो, तुम्ही करा.

हे रोजचे काम नेमके काय आहे, ते गडचिरोलीच्या भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या घरात रात्री पाहावे. कुडाच्या भिंती, एक मोठी खोली, एका बाजूला चूल. घरात सहा माणसे. आजोबांची बाज दाराशी, आई आणि दोन लहानगी चटईवर, थोरली पोरे कोपऱ्यात एका गोधडीवर, बाप पिकाच्या दिवसांत शेतावरच्या मचाणावर. सरकारी मच्छरदाणी चौकोनी, तिला चार कोपऱ्यांत चार दोऱ्या. कुडाच्या भिंतीत खिळा धरत नाही, म्हणून दोऱ्या वाशांना बांधायच्या. चटईवर लावायची तर खालची कड चटईखाली दाबावी लागते, रात्री लेकराने पाय ताणला की ती सुटते. सकाळी त्याच जागेवर स्वयंपाक आणि वावर असतो, म्हणून जाळी सोडून गुंडाळून ठेवायची. चुलीची ठिणगी उडाली की भोक पडते. उन्हाळ्यात आत हवा कोंडते, म्हणून अख्खे घर अंगणात झोपते आणि अंगणात दोऱ्या बांधायला चार खांब नसतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला बायका उजाडायच्या आत रानात जातात. पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम आला की कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे घर सोडतात. ‘मच्छरदाणीत झोपा, हिवताप टाळा’ या संदेशात यातल्या एकाही अडचणीचे उत्तर नाही. त्यात जे सांगितले आहे, ते या घरातल्या बाईला आधीच ठाऊक आहे. हिवतापाचा ताप तिने स्वतः अंगावर काढलेला असतो, थंडी भरून आलेले लेकरू मांडीवर घेऊन रात्र जागवलेली असते. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात 1973 पासून या भागातले रुग्ण येत आले, त्यात मेंदूत गेलेल्या हिवतापाचे रुग्णही होते. त्या मुलखातल्या माणसाला हिवतापाचे गांभीर्य नव्याने समजावण्याची गरज नाही.

संदेशाच्या शब्दांचा परिणाम किती होतो, हे शास्त्रीय पद्धतीने तपासले गेले आहे. केनियात अर्थशास्त्रज्ञ पास्कालीन ड्युपास यांनी कुटुंबांना मच्छरदाणीबद्दल वेगवेगळ्या तऱ्हेने सांगून पाहिले. काहींना आजार आणि मृत्यू टळण्यावर भर देऊन सांगितले, काहींना उपचाराचा खर्च वाचतो यावर. काही कुटुंबांकडून ‘आम्ही मच्छरदाणी घेऊ’ असे तोंडी वचनही घेतले. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मच्छरदाणी घेण्याच्या प्रमाणावर यातल्या कशानेही लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो किमतीने. याच ड्युपास आणि जेसिका कोहेन यांनी केनियातल्या प्रसूतिपूर्व तपासणीच्या दवाखान्यांत गरोदर बायकांना मच्छरदाण्या वेगवेगळ्या किमतींना देऊन पाहिल्या. फुकटऐवजी 40 शिलिंग, म्हणजे सुमारे 60 अमेरिकी सेंट, एवढी किंमत लावल्यावर घेणाऱ्यांचे प्रमाण 60 टक्के-बिंदूंनी कोसळले. फुकट मिळालेली वस्तू लोक वापरत नाहीत, पैसे मोजले की किंमत कळते, हा आपल्याकडचाही लाडका सिद्धांत. तोही या अभ्यासात टिकला नाही. फुकट घेतलेल्या आणि विकत घेतलेल्या बायकांच्या वापरात फरक आढळला नाही. या निष्कर्षांचा अर्थ संदेश निरुपयोगी आहे असा नाही. वस्तू हातात पोचलेली नसताना दिलेला संदेश निरुपयोगी आहे, एवढाच आहे.

‘लोक वापरत नाहीत’ या तक्रारीचेही असेच. आफ्रिकेतल्या अनेक देशांची घरोघरची सर्वेक्षणे अभ्यासकांनी पुन्हा तपासली, तेव्हा असे दिसले की ज्या घरात सगळ्यांना पुरतील एवढ्या मच्छरदाण्या होत्या, तिथली बहुसंख्य माणसे त्यात झोपत होती. न वापरणाऱ्यांतल्या मोठ्या हिश्शाच्या वाट्याला मच्छरदाणीच आलेली नव्हती. दोन माणसांमागे एक मच्छरदाणी हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. सहा माणसांच्या घरात दोन मच्छरदाण्या देऊन उरलेल्या दोघांच्या बेफिकिरीबद्दल बोलणे हा अन्याय आहे. शिवाय ही जाळी साधारण तीन वर्षांची आणि वीसेक धुण्यांची. चुलीच्या धुरात, रोज गुंडाळल्या जाणाऱ्या घरात ती त्याआधीच फाटते. कागदोपत्री मात्र त्या घरात मच्छरदाणी ‘आहे’. वाटपाचा आकडा आणि झोपणाऱ्यांचा आकडा यांतले अंतर लोकांच्या माथी मारण्याआधी या फाटक्या जाळ्या मोजायला हव्यात.

मग संदेश काय साधू शकतो? बरेच काही. आणि कधी कधी जे सांगितलेच नव्हते तेही साधतो, हे विशेष गंभीर आहे. अनेक वर्षे जगभरच्या कार्यक्रमांनी ‘गरोदर माता आणि पाच वर्षांखालील मूल आधी’ असे सांगितले. सांगणे बरोबर होते, कारण हिवतापाने सर्वात जास्त मरतात ते हेच. कुटुंबांनी ते मनापासून ऐकले. 2009 साली आफ्रिकेतल्या 18 देशांच्या सर्वेक्षणांवरून वयोगटानुसार हिशेब मांडला गेला, तेव्हा सर्वात कमी संरक्षण पाच ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना मिळत असल्याचे दिसले. लहानगे आईच्या कुशीत जाळीखाली, मोठी पोरे बाहेर. या पोरांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते, म्हणून ती तापाने फणफणत नाहीत, पण परजीवी त्यांच्या रक्तात असतो आणि डास तो तिथून उचलून शेजारच्या तान्ह्याला पोचवतो. ज्या तान्ह्याला वाचवण्यासाठी संदेश होता, त्याचाच धोका अशा रीतीने शिल्लक राहिला. लोक सांगितलेले ऐकत नाहीत, हा आरोप या उदाहरणात पुरता खोटा पडतो. लोकांनी तंतोतंत ऐकले, सांगण्यातच अपुरेपणा होता. गडचिरोलीत हाच वयोगट आश्रमशाळांच्या वसतिगृहांत एका खोलीत दाटीवाटीने झोपतो. तिथे मच्छरदाणी लावण्याचा संदेश मुलांना देऊन भागत नाही. तिथे छताला तारा ताणणे आणि रात्री अधीक्षकाने फेरी मारणे हाच संदेश असतो.

नेमकेपणाचा दुसरा मुद्दा ऋतूचा. डास कानाशी गुणगुणायला लागले की माणूस मच्छरदाणी लावतो, गुणगुण थांबली की काढतो. पण त्रास देणारे बहुतेक डास क्युलेक्स जातीचे असतात, घाण पाण्यात वाढणारे, आणि ते हिवताप पसरवत नाहीत. जंगलाच्या आणि डोंगराच्या भागात हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस फ्लुव्हिएटिलिस वाढतो स्वच्छ, संथ वाहणाऱ्या ओढ्यात. पाऊस ओसरून ओढे निवळले की त्याचे दिवस येतात. म्हणजे लोकांना डास ‘कमी झाले’ असे वाटते, त्याच दिवसांत धोका टिकून असतो. ‘डास वाजो न वाजो, दिवाळीनंतरही मच्छरदाणी सोडू नका’ हे सांगणे खऱ्या अर्थाने माहिती देणारे आहे, कारण ते अनुभवातून आपोआप कळत नाही. आपली मोहीम मात्र बहुतेक सारा जोर जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर खर्च करते.

असेच बारीक, पण निर्णायक सांगणे पहिल्या रात्रीबद्दल असते. पिशवीतून काढलेली नवी मच्छरदाणी एक दिवस सावलीत पसरून ठेवली नाही, तर कीटकनाशकाने डोळे चुरचुरतात, अंगाला खाज येते. हे आधी सांगितले नाही, तर पहिल्याच रात्री बाळ रडते आणि मच्छरदाणी कायमची पेटीत जाते. ती कडक साबणाने घासू नये, उन्हात वाळवू नये, कारण औषध निघून जाते. नदीत-तळ्यात धुऊ नये, कारण ते औषध माशांना मारते. फाटली तर सुईदोऱ्याने शिवावी. ही चार वाक्ये प्रत्येक वाटपाबरोबर माणसाने माणसाला सांगायला हवीत. प्रत्यक्षात मच्छरदाणी देताना सही घेतली जाते, ही वाक्ये छापलेल्या पत्रकावर राहतात. पत्रक मराठीत असते आणि घरात बोलणे माडिया किंवा गोंडीत चालते.

म्हणून कोण सांगते, कधी सांगते आणि कुठल्या भाषेत सांगते, याला शब्दांइतकेच महत्त्व आहे. कॅमेरूनमध्ये रात्री नऊच्या सुमारास रेडिओवर आणि मोबाइलवर ओळखीच्या आवाजात एक आठवण दिली गेली : रात्र झाली, तुमचे कुटुंब मच्छरदाणीत आहे ना? त्या मोहिमेच्या मूल्यमापनात वापर वाढल्याचे दिसले. ही आठवण निर्णयाच्या घटकेला पोचत होती आणि ती ‘तुम्ही’ एकट्याला नव्हे, कुटुंबाला उद्देशून होती. आपल्याकडे ही जागा आशा ताईची आहे. ती गावातलीच, त्यांच्याच भाषेत बोलणारी, घरात चुलीपर्यंत जाऊ शकणारी. तापाच्या रुग्णाच्या बोटातून रक्त घेऊन जागेवर तपासणी करणारी तीच. तिने दारात उभे राहून ‘मच्छरदाणी वापरता ना?’ असे विचारले, तर उत्तर ‘हो’ असेच येणार. त्याऐवजी ‘रात्री कोण कुठे झोपते ते दाखवा’ असे म्हणून ती आत गेली, दोऱ्या कुठे बांधता येतील ते पाहिले, घरच्या पुरुषाला वाशाला कायमचे चार फास करून द्यायला सांगितले, तर एका भेटीत अडचण मिटते. हे पुरुषाला सांगणे महत्त्वाचे आहे. आपले बहुतेक सगळे संदेश आईला उद्देशून असतात. पण घरातली बाज कोणाची, पहिली मच्छरदाणी कोणाला, नवी घ्यायला आठवडी बाजारात पैसे काढायचे का, हे एकटी आई ठरवत नाही. तिच्या अंगावर आणखी एक जबाबदारी टाकून आपण कुटुंबाशी बोललो असे मानणे ही फसगत आहे.

ओडिशाने 2017 पासून दुर्गम भागांत जी मोहीम चालवली, तिच्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. ताप असो वा नसो, गावातल्या सगळ्यांची शिबिरात रक्ततपासणी, लागण असेल त्याला तिथेच औषध, घरांची फवारणी, मोठ्या प्रमाणावर मच्छरदाण्या आणि त्यांच्या वापराबद्दल समोरासमोर बोलणे, हे सगळे एकत्र केले गेले. 2016 साली तिथे साडेचार लाखांच्या घरात असलेली रुग्णसंख्या 2019 पर्यंत चाळीस हजारांच्या आसपास आली. यातला किती वाटा संदेशाचा, हे वेगळे काढता येत नाही आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. संदेश वेगळा काढता येणार नाही इतका तो सेवेत मिसळलेला असावा. मच्छरदाणी, तपासणी आणि औषध घेऊन आलेला माणूस जे बोलतो, त्यावर लोक विश्वास ठेवतात. नुसते बोलायला आलेल्या माणसावर ठेवत नाहीत, आणि त्यांनी तो का ठेवावा?

विश्वासासाठी प्रामाणिकपणा लागतो. मच्छरदाणी सगळे करत नाही, हे संदेशाने स्वतःहून सांगायला हवे. संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान अंगणात शेकोटीभोवती बसलेल्याला, शेतावर राखणीला गेलेल्याला घरातली जाळी वाचवत नाही. त्याला अंगभर कपडे आणि मचाणावर बांधता येईल अशी मच्छरदाणी हवी. डेंगीचा एडिस डास दिवसा चावतो, म्हणून पुण्या-मुंबईत रात्रीच्या मच्छरदाणीपेक्षा साठलेले पाणी ओतून देणे मोलाचे. दुपारी झोपणाऱ्या बाळासाठी आणि तापाने पडलेल्या रुग्णासाठी मात्र ती तिथेही उपयोगाची आहे. डेंगी, हिवताप आणि चिकुनगुनिया एकाच पत्रकावर एकाच डासाच्या चित्राखाली कोंबले की हा फरक पुसला जातो. मच्छरदाणीत झोपूनही ताप आला, की माणूस म्हणतो, ‘काही उपयोग नाही.’ अतिशयोक्त आश्वासनाने एकदा गमावलेला विश्वास पुढच्या दहा मोहिमांनी परत येत नाही.

यावर एक आक्षेप येतो. सरकारने मच्छरदाणी दिली, औषध दिले, आता आत झोपण्याचीही जबाबदारी सरकारचीच का? कुटुंबाने काही करायचेच नाही का? आक्षेप रास्त आहे. काही जागी मच्छरदाण्यांनी मासे धरले जातात, भाजीच्या वाफ्यावर त्या पसरल्या जातात, हे खरे आहे, जरी त्यातल्या पुष्कळशा जुन्या आणि फाटक्या असतात. कुटुंबाची जबाबदारी मी नाकारत नाही. पण जबाबदारी पार पाडता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे ही देणाऱ्याची जबाबदारी असते. दिवसभर धानाच्या चिखलात राबून आलेल्या माणसाने रोज रात्री अंधारात चार गाठी माराव्यात, ही अपेक्षा आपण शहरातल्या कुणाकडूनही करत नाही. आपण खिडकीला जाळी बसवतो आणि विसरून जातो. ज्याला विसरण्याची सोय आहे, त्याने ज्याला रोज आठवण ठेवावी लागते त्याला बेफिकीर म्हणू नये.

2030 पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचे उद्दिष्ट आपण ठरवले आहे. देशाची रुग्णसंख्या 2015 च्या अकरा लाखांहून 2023 साली सव्वादोन लाखांच्या घरात आली, ही थोर कमाई आहे. पण जे उरले आहे ते सर्वात अवघड आहे. ते गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या जंगलात, बस्तरमध्ये, ईशान्येच्या डोंगरांत आहे, आणि तिथे भित्तिपत्रक पोचत नाही, पोचले तरी वाचले जात नाही. तिथे तीन गोष्टी व्हायला हव्यात. किती मच्छरदाण्या वाटल्या हा आकडा बाजूला ठेवून काल रात्री किती माणसे मच्छरदाणीत झोपली हे घरोघर विचारावे. त्या घरात माणशी पुरेशा, न फाटलेल्या जाळ्या आहेत का, हे त्याच फेरीत पाहावे. आणि जो वापरत नाही त्याला पहिला प्रश्न ‘का वापरत नाही?’ असा न विचारता ‘कुठे अडते?’ असा विचारावा. त्याचे उत्तर ऐकून पुढच्या वाटपात जाळीचा आकार, दोरीची लांबी आणि वाटपाचा महिना बदलला गेला, तर लोकांना आपले ऐकले जाते असे वाटेल. त्यानंतर सांगितलेले लोक ऐकतील, कारण तेव्हा ते सांगणे त्यांच्याच घरातून निघालेले असेल.